ऑफिसात वायरलेस फोन बसवायचेत? हँडसेट नंतर घ्या, आधी इमारत चालून बघा

समजा, भिवंडीतलं एक मोठं गोदाम आहे. रात्रीची पाळी सुरू आहे. अगदी मागच्या रांगेत फोर्कलिफ्टवरून खोकी घसरतात आणि एका कामगाराचा पाय खाली अडकतो. सोबतचा माणूस कमरेचा वायरलेस हँडसेट काढतो आणि सिक्युरिटी केबिनचा नंबर दाबतो. समोरून 'हॅलो' येतं आणि आवाज तुटायला लागतो. तो दोन रांगा पळत पुढे येतो, तेव्हा कुठे बोलणं होतं.

आता गंमत बघा. हँडसेट नवा आहे, बॅटरी भरलेली आहे, टेलिफोन यंत्रणाही व्यवस्थित चालू आहे. मग चुकलं कुठे? चूक झाली ती फोन बसवायच्या दिवशी. बेस स्टेशन ऑफिसच्या भिंतीवर लावलं, कारण प्लग तिथे होता. मागच्या रांगेपर्यंत कोणी हँडसेट घेऊन चालत गेलंच नाही.

हॉस्पिटल असो, हॉटेल असो, कारखाना असो की चार मजल्यांचं ऑफिस, वायरलेस हँडसेटचं यश खरेदीच्या आधीच ठरतं. त्याचं नियोजन नेमकं कसं करायचं, ते सविस्तर समजून घेऊ.

हे फोन चालतात कसे?

बहुतेक ऑफिसांत जे वायरलेस हँडसेट दिसतात, ते 'डेक्ट' या तंत्रावर चालतात. ईटीएसआय या युरोपीय संस्थेने १९९२ मध्ये हे मानक आणलं. नावात आधी 'युरोपियन' हा शब्द होता. पुढे ते जगभर पसरलं आणि त्या जागी 'एनहान्स्ड' आला.

रचना साधी आहे. हँडसेट रेडिओ लहरींनी बेस स्टेशनशी बोलतो. बेस स्टेशन वायरने ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेला जोडलेलं असतं. म्हणजे वायरलेस असतो तो फक्त शेवटचा टप्पा.

युरोपात आणि इतर अनेक देशांत डेक्टसाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. त्यात १० वाहक लहरी असतात. प्रत्येक लहरीवर दर १० मिलिसेकंदाचे २४ तुकडे पाडले जातात, १२ बोलण्यासाठी आणि १२ ऐकण्यासाठी. कोणता तुकडा मोकळा आहे हे यंत्रणा स्वतः शोधते आणि तो वापरते. त्यामुळे शेजारच्या ऑफिसातही डेक्ट असलं, तरी बहुतेक वेळा कोणी कोणाच्या आड येत नाही.

हे तंत्र भारताला नवं नाही. आयआयटी मद्रासच्या टेनेट गटाने १९९० च्या दशकात डेक्टवर आधारित 'कॉर-डेक्ट' विकसित केलं होतं. तांब्याची वायर न टाकता गावागावांत फोन पोचवणं हा त्यामागचा हेतू होता.

अमेरिकेतून आणलेला हँडसेट चालेल का?

नाही. अमेरिकेत 'डेक्ट ६.०' नावाने विकले जाणारे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे १९२० पासून वरचा पट्टा मोबाईल सेवेसाठी आहे, याच लहरींवर मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. तिथे हा हँडसेट सुरू केला, तर मोबाईल सेवेत व्यत्यय येतो. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाने स्वस्तात आणून दिलेला सेट म्हणूनच बाजूला ठेवलेला बरा. भारतात वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. विक्रेत्याकडे ती मागायला लाजू नका.

डेक्ट, वायफाय फोन की मोबाईलवरचं ॲप?

हा प्रश्न हमखास येतो, कारण ऑफिसात वायफाय आधीच असतं.

वायफाय फोनचा फायदा म्हणजे वेगळी बेस स्टेशनं लागत नाहीत. पण लॅपटॉप, सीसीटीव्ही, पाहुण्यांचे मोबाईल, सगळे त्याच हवेत असतात. २.४ गिगाहर्ट्झवर तर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही भर घालतात. शिवाय लॅपटॉपपुरतं पसरवलेलं वायफाय चालता-चालता बोलण्यासाठी पुरेल, याची खात्री नसते. वेबपेज एक सेकंद उशिरा उघडलं तर कोणाला कळत नाही. बोलताना एक सेकंद गेला की अख्खा शब्द जातो.

मोबाईलवरचं ॲप सगळ्यात स्वस्त पडतं. पण तो फोन माणसाचा स्वतःचा असतो. पाळी संपली की तो घरी जातो, बॅटरी संपलेली असू शकते, आणि अनेक कारखान्यांत मोबाईल आत न्यायलाच बंदी असते.

डेक्टचा पट्टा फक्त बोलण्यासाठी राखीव असल्यासारखा आहे आणि त्याची बॅटरी जास्त टिकते. फिरत्या माणसाला खात्रीने फोन लागायला हवा असेल, तर डेक्ट हा सरळ पर्याय आहे. सगळे दिवसभर टेबलाशीच बसत असतील, तर मात्र वायरचा फोनच बरा.

पहिली पायरी: आहे ती यंत्रणा ओळखा

ऑफिसात जुना ॲनालॉग ईपीएबीएक्स आहे की आयपी पीबीएक्स, हे आधी बघा.

ॲनालॉग एक्स्टेंशनला साधा कॉर्डलेस जोडता येतो, पण एका एक्स्टेंशनवर एका वेळी एकच कॉल होतो. एका केबिनपुरतं हे चालतं. २० माणसांसाठी २० बेस लावत बसलात, तर तो पसारा होतो, यंत्रणा होत नाही.

आयपी पीबीएक्स असेल तर बेस स्टेशन नेटवर्क केबलने जोडलं जातं आणि 'सिप' या पद्धतीने पीबीएक्सशी बोलतं. प्रत्येक हँडसेटला स्वतःचं एक्स्टेंशन मिळतं. इथे दोन प्रकार येतात. पहिल्यात सगळे हँडसेट एकाच बेसवर. दुसऱ्यात अनेक बेस मिळून एक यंत्रणा बनते आणि माणूस चालत गेला, की कॉल न तुटता एका बेसवरून दुसऱ्यावर सरकतो. याला हँडओव्हर म्हणतात.

काही विक्रेते मधला मार्ग म्हणून रिपीटर सुचवतात. रिपीटर क्षेत्र वाढवतो, पण एका वेळी किती कॉल चालतील हा आकडा वाढवत नाही. एखाद्या जिन्यापुरता तो ठीक आहे.

दुसरी पायरी: एका वेळी किती जण बोलणार?

'आमच्याकडे २० माणसं आहेत' एवढं सांगून भागत नाही. २० पैकी एका वेळी किती जण फोनवर असतात, हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडलंय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये यासाठी सूत्र मांडलं. ते आजही वापरलं जातं, आणि मोजण्याच्या एककाला त्यांचंच नाव आहे.

उदाहरण घेऊ. २० हँडसेट आहेत आणि सगळ्यात गर्दीच्या तासात प्रत्येक जण सरासरी ६ मिनिटं बोलतो. एकूण झाली १२० मिनिटं, म्हणजे २ तास. एका तासात २ तासांचं बोलणं, म्हणजे २ एर्लांग. सूत्रात हा आकडा टाकला तर ४ वाटा असताना शंभरातले साधारण ९ ते १० कॉल लागणार नाहीत. ६ वाटा ठेवल्या तर न लागणारे कॉल शंभरात जेमतेम एकावर येतात. ७ केल्या तर हजारात ३ ते ४.

म्हणजे २० माणसांना २० वाटा लागत नाहीत, पण ४ वर भागवणंही परवडत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बेसच्या खोक्यावरचा कॉलचा आकडा बहुतेकदा साध्या आवाजासाठी असतो. 'एचडी' आवाज सुरू केला की प्रत्येक कॉलला जास्त जागा लागते आणि एका वेळच्या कॉलची संख्या जवळपास निम्मी होऊ शकते. दोन, 'एक कॉल आला की सगळे हँडसेट वाजू देत' ही सोय अनेक यंत्रणांत महागात पडते, कारण वाजणारा प्रत्येक हँडसेटही बेसची जागा अडवतो. शिवाय एर्लांगचं सूत्र धरून चालतं, की कॉल आपापल्या वेळी येतात. पाळी बदलताना सगळे एकदमच फोन उचलत असतील, तर हातचं राखूनच हिशोब करावा.

तिसरी पायरी: इमारत चालून बघा

सगळ्या नियोजनाचा जीव या पायरीत आहे, आणि नेमकी हीच पायरी पैसे वाचवायला गाळली जाते.

जाहिरातीत डेक्टचा पल्ला मोकळ्या जागेत ३०० मीटर आणि इमारतीत ५० मीटरपर्यंत सांगतात. पण ही इमारत कोणती? लहर प्लायवूडच्या पार्टिशनमधून सहज जाते. आरसीसीची भिंत तिला बरीच अडवते. लिफ्टची विहीर, लोखंडी दरवाजा, पाण्याची टाकी, कोल्ड स्टोरेजच्या पत्र्याच्या भिंती यांच्यापुढे तिचं फारसं काही चालत नाही. गोदामात आणखी एक भानगड असते. लोखंडी रॅकवर आपटून लहरी चहूकडून परत येतात आणि एकमेकींना मारतात. सिग्नल जोरात दिसतो, तरी आवाज खराखरा येतो.

म्हणून पाहणी करायची ती अशी:

• इमारतीचा नकाशा छापून घ्या. नसेल तर हाताने काढा, पण भिंत कशाची आहे ते त्यावर लिहा.

• एक बेस उंच काठीवर किंवा स्टँडवर बांधा, त्याला बॅटरीवर वीज द्या आणि जिथे तो कायमचा लागणार आहे तिथेच, तेवढ्याच उंचीवर उभा करा.

• हँडसेट पाहणीच्या मोडमध्ये टाकून चालायला लागा. दर काही पावलांनी दिसणारा आकडा नकाशावर लिहा.

हा आकडा 'डीबीएम'मध्ये आणि उणे असतो. उणे ६० म्हणजे चांगला, उणे ७० म्हणजे काठावरचा, त्याखाली धोका. नेमकी मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ६० आणि ७० मध्ये फरक दहाचाच दिसतो, पण तेवढ्यात सिग्नलची ताकद एक दशांशावर येते.

पाहणी कधी करायची, हेही महत्त्वाचं. रिकाम्या गोदामात केलेली पाहणी माल भरल्यावर खोटी ठरते. पाण्याच्या बाटल्यांचे थर म्हणजे लहरींसाठी भिंतच. त्यामुळे रॅक भरलेले असताना, दरवाजे बंद करून आणि हँडसेट खरोखर जिथे असतो तिथे ठेवून चाला. कमरेला असेल तर कमरेला. माणसाचं शरीरही सिग्नल अडवतं.

आणि जिथे कोणी जात नाही असं वाटतं, तिथे आधी जा. जिना, लिफ्ट, तळघर, स्वच्छतागृह, जनरेटरची खोली, मागचं लोडिंग फाटक. माणूस पडतो, अडकतो, एकटा असतो, तो बहुतेकदा अशाच जागी.

चौथी पायरी: बेसनाही एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे

एकाहून जास्त बेस असतील, तर त्यांची घड्याळं मिलिसेकंदाच्याही बारीक हिशोबात जुळलेली असावी लागतात. तरच चालू कॉल एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हे जुळवणं दोन प्रकारे होतं: बेस एकमेकांचा सिग्नल हवेतून ऐकतात, किंवा नेटवर्कच्या केबलवरून वेळ घेतात.

हवेतून जुळवणार असाल, तर प्रत्येक बेसला निदान एका शेजाऱ्याचा सिग्नल चांगला मिळायला हवा. म्हणजे दोन बेसमध्ये अंतर ठेवताना फक्त हँडसेटचा विचार करून चालत नाही. मुख्य बेस इमारतीच्या मध्यभागी ठेवा आणि बाकीचे त्याच्याभोवती. आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक रांग लावली, तर मधला एक डबा बंद पडताच मागचे सगळे सुटतात. केबलवरून वेळ घ्यायची असेल, तर नेटवर्क स्विच त्या कामाचा आहे का, हे खरेदीआधी विचारून घ्या.

एका बेसवरून दुसऱ्यावर कधी जायचं, हे डेक्टमध्ये हँडसेट स्वतः ठरवतो. त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून दोन बेसची क्षेत्रं एकमेकांवर चढलेली हवीत. जाड भिंतीतल्या दरवाज्यातून माणूस दोन पावलांत पलीकडे जातो. तिथे क्षेत्रं चढलेली नसतील, तर वाक्य अर्धवट राहतं.

बेस लावताना तो लोखंडी तुळईला, एसीच्या डक्टला किंवा सर्व्हर रॅकच्या आत चिकटवू नका.

पाचवी पायरी: केबल आणि वीज

बेसला वीज बहुतेकदा नेटवर्क केबलमधूनच मिळते. याला 'पीओई' म्हणतात. केबलची लांबी १०० मीटरपर्यंतच चालते. मोठ्या गोदामात हे अंतर कधी ओलांडतं, ते कळतही नाही, कारण केबल सरळ जात नाही, भिंतीभिंतीने जाते.

फोनसाठी नेटवर्कमध्ये वेगळा व्हीलॅन ठेवा आणि आवाजाला प्राधान्य द्या. आवाजाचा भार तसा थोडाच असतो. नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस. अडचण वेगाची नसते, वेळेवर पोचण्याची असते. 'मला तुमचं ऐकू येतं, तुम्हाला माझं येत नाही' अशी तक्रार आली, तर राउटरमधलं 'सिप एएलजी' हे सेटिंग आधी तपासा.

आता वीज गेली तर? यूपीएस फक्त पीबीएक्सला लावला आणि पीओई स्विच विसरला, तर पीबीएक्स अंधारात एकटाच जागा राहतो. पीबीएक्स, स्विच, राउटर आणि फायबरचं खोकं, चारही यूपीएसवर हवेत. जुन्या तांब्याच्या लँडलाईनला एक्स्चेंजमधून वीज यायची, म्हणून ती वीज गेल्यावरही चालायची. फायबरचं तसं नाही.

सहावी पायरी: हँडसेट माणसाचा की जागेचा?

तीन पाळ्यांत काम चालत असेल, तर 'अमुक यांचा हँडसेट' ही पद्धत फसते. तो माणूस घरी असतो आणि हँडसेट ड्रॉवरमध्ये वाजत असतो. तिथे हँडसेट कामाच्या नावाने द्या: सिक्युरिटी, सुपरवायझर, लोडिंग फाटक. पाळी बदलताना तो हातोहात जातो.

प्रत्येकासाठी चार्जर हवाच, पण तो कुठे ठेवणार हेही नकाशावर दाखवा. हँडसेट एका पाळीनंतर थेट दुसऱ्या पाळीत जात असेल, तर चार्ज कधी होणार? अशा ठिकाणी जास्तीच्या बॅटऱ्या किंवा दोन-तीन जादा हँडसेट लागतात. खर्चाच्या कागदावर ही ओळ बहुतेक वेळा नसते.

आणीबाणीचा नंबर: इथे चूक चालत नाही

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या मार्शल शहरात एका मोटेलमध्ये कारी हंट या महिलेवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या ९ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ हा नंबर चार वेळा दाबला. कॉल लागलाच नाही, कारण त्या यंत्रणेत बाहेर फोन करायला आधी आणखी एक ९ दाबावा लागत होता. कारी वाचली नाही. त्यानंतर 'कारीज लॉ' झाला. २०१८ मध्ये त्यावर सही झाली आणि फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला. त्यानुसार तिथे अशा नव्या यंत्रणांमधून ९११ थेट लागलाच पाहिजे.

आपल्याकडेही अनेक ऑफिसांत बाहेर फोन करायला आधी ० दाबतात. घाबरलेल्या माणसाला ते आठवेल का? म्हणून ११२ हा नंबर ० दाबून आणि न दाबता, दोन्ही प्रकारे लागेल असं सेटिंग करून घ्या.

आणखी एक फसगत आपल्याकडे सर्रास होते. एक्स्टेंशन १०१ पासून सुरू करतात. मग १०१ म्हणजे अग्निशमन दल की अकाउंट्स? १०८ म्हणजे रुग्णवाहिका की स्टोअर? आणि ११२ वर कोण? नंबर २०१ पासून सुरू केले, की हा घोळ मुळातच मिटतो.

बाहेर लागलेल्या कॉलवर दिसतो तो ऑफिसचा मुख्य नंबर. मागच्या रांगेतला माणूस नेमका कुठे आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे रांगांना, मजल्यांना, फाटकांना मोठ्या अक्षरांत नावं द्या आणि आणीबाणीचा कॉल झाला की सिक्युरिटीलाही लगेच कळेल अशी सोय करा.

कोणी ऐकत तर नाही ना?

डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं, की लॅपटॉपच्या स्वस्त कार्डाने डेक्टवरचं बोलणं ऐकता येतं, विशेषतः जिथे एन्क्रिप्शन बंद आहे तिथे. त्यानंतर मानकात सुधारणा झाल्या. तरीही तुमच्या यंत्रणेत एन्क्रिप्शन चालू आहे का, हे तपासाच. बेसचा मूळ पिन अनेकदा ०००० असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. हँडसेट हरवला की त्याची नोंदणी त्याच दिवशी रद्द करा.

पैसे देण्याआधी काय तपासायचं?

• दोन माणसं चालू कॉलवर अख्खी इमारत फिरतील. आवाज तुटला तिथे नकाशावर खूण.

• एकेक बेस मुद्दाम बंद करून बघायचा. किती भाग मुका होतो?

• मेन स्विच पाडायचा. फोन किती मिनिटं चालतात, ते घड्याळ लावून मोजायचं.

• गर्दीच्या वेळी ठरलेल्या संख्येइतके कॉल एकदम लावायचे.

• ११२ कसा लागेल याचं सेटिंग इंस्टॉलरकडून समोर उघडून बघायचं. उगाच खरा कॉल लावून तिथल्या यंत्रणेला त्रास द्यायचा नाही.

या अटी काम संपल्यावर सांगून उपयोग नाही. खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा. 'सर्व भागात कव्हरेज' असं मोघम लिहिलं, की पुढे वाद होतो. 'नकाशावर रंगवलेल्या भागात कुठेही उणे ७० डीबीएमपेक्षा कमी सिग्नल नको' असं लिहिलं, की वादाला जागा राहत नाही.

भिवंडीच्या त्या गोदामात परत जाऊ. नकाशावर दोन बेस पुरेसे वाटले असते. भरलेल्या रॅकमधून चालून बघितलं असतं, तर कदाचित चार लागतील हे कळलं असतं. वाढीव दोन बेसचा खर्च कोटेशनमध्ये मोठा दिसतो. पण मागच्या रांगेतल्या माणसाला 'हॅलो'च्या पुढचं वाक्य बोलता येतं की नाही, ते त्या दोन बेसवरच ठरतं.